तुकड्यांची बेरीज

दिल्ली विद्यापीठातल्या ‘गेस्ट’ प्राध्यापकाचे सहसा एकाच ठिकाणच्या नोकरीत भागत नाही. आठवडाभर एखाद्या महाविद्यालयात मोजक्या तासिका, शनिवार-रविवारी स्कूल ऑफ ओपन लर्निंगचे वर्ग, संध्याकाळी मुखर्जीनगरच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये शिकवणे, जमल्यास अनुवाद. महाराष्ट्रातल्या सीएचबीवाल्यांना, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना, हे चित्र नवे नाही. पात्रता पूर्णवेळ प्राध्यापकाचीच लागते. यूजीसीने जानेवारी २०१९ मध्ये तासिकेचा दर १५०० रुपयांपर्यंत नेला आणि महिन्याला ५० हजारांची कमाल मर्यादा घातली. हिशेब केला तर चौतिसाव्या तासिकेचे ५०० रुपयेच हाती पडतात, पस्तिसावी फुकट. रजा, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांचा प्रश्नच नाही.

अनेक कामे जोडून करिअर उभे करण्यात मोकळीक आहे, एकाच साहेबाची मर्जी सांभाळावी लागत नाही, हे खरेच. सल्लागार किंवा डिझायनर ती मोकळीक चांगल्या दराने विकतातही. पण दिल्लीत हा मार्ग मळला तो घरकामगार बायकांनी. तिथे कामवालीचे सहसा दोन प्रकार मानतात: घरातच राहणारी ‘चौबीस घंटे’ आणि ‘पार्टटाइम’.

नोएडातल्या टॉवरांमध्ये पार्टटाइमवाली सकाळी एका घरी झाडू-पोछा करते, दुसऱ्या घरी भांडी घासते, तिसऱ्या घरी पोळ्या लाटते. दिवस पूर्ण भरतो, पण प्रत्येक मालकिणीच्या लेखी ती तासाभराचीच बाई. आठवड्याची सुट्टी चार घरी चार वेळा मागायची. गंमत अशी, की तिच्या कामाची बेरीज कुणीतरी करतेच. सोसायटीच्या गेटवरचे अ‍ॅप ती कधी आत आली, किती फ्लॅटमध्ये जाते, कोणत्या वेळी मोकळी आहे, हे सगळे सांगते. ही नोंद पहाऱ्याला उपयोगी पडते. भविष्य निर्वाह निधीला नाही.

कायद्याचेही तसेच. दिल्लीच्या १९५४ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दोन ठिकाणी काम करणाऱ्याचे तास एकत्र मोजून मर्यादा घातली आहे. तास जोडता येतात, मग हक्क का नाहीत? नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अ‍ॅप कंपन्यांकडून त्यांच्या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा घेण्याची तरतूद केली. पण ओळखीतून चार घरे धरणाऱ्या बाईच्या मागे अशी कंपनीच नसते.

याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ मध्येच शोधले होते. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवतो, दुपारी दुसऱ्याचा; मग मालक कोण? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या माथाडी कायद्याने तो वाद बाजूला ठेवला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही माथाडी मंडळात भरायची. मंडळ पगार, निधी, ग्रॅच्युइटीचा हिशेब ठेवणार. पुढे बनावट माथाडी आणि खंडणीच्या तक्रारी आल्या, त्या नाकारण्यात अर्थ नाही. तरी मालक बदलले म्हणून हमालाचा निधी तुटला नाही, ही कामगिरी लहान नव्हे.

नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्यांत अशी लेव्ही वसूल करणे अवघड नाही. दरमहा मेंटेनन्सचे बिल जातेच, त्यात एक ओळ वाढेल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितले, तेव्हा निमित्तही आहे. अडणार आहे ते सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, आणि तिथे विरोधात हात वर करणाऱ्यांपैकी अनेकांचा स्वतःचा पीएफ दर महिन्याला न चुकता जमा होत असेल.