सही कोणाची?

मोठेपणी काय व्हायचंय, असं विचारल्यावर मुलगा तोंडाने म्हणाला, ‘ड्राफ्ट्समन’. तोच प्रश्न फक्त त्याच्या उजव्या मेंदूपर्यंत पोहोचवला, तेव्हा त्याच्या डाव्या हाताने अक्षरांच्या सोंगट्या जुळवून ‘मोटारींची शर्यत’ असं लिहिलं.

“मामा, यातलं त्याचं उत्तर कोणतं?” मेंदूविकारशास्त्र शिकणाऱ्या भाचीने विचारलं.

मामांची हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलेली. “बोलला ते. माणूस शब्दाला बांधलेला असतो.”

भाचीला ते पटलं नाही. हा अमेरिकन मुलगा संशोधनात पी. एस. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. औषधांना न जुमानणारे अपस्माराचे झटके एका गोलार्धातून दुसऱ्यात पसरू नयेत, म्हणून दोघांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा पट्टा, कॉर्पस कॅलोसम, कापलेला. १९७० च्या दशकात मायकल गॅझानिगा आणि जोसेफ लदू यांनी त्याच्या नजरेच्या उजवीकडे, म्हणजे डाव्या मेंदूला, कोंबडीचा पाय दाखवला. डावीकडे बर्फाचं दृश्य. जुळणारं चित्र निवडताना उजव्या हाताने कोंबडी दाखवली, डाव्याने फावडं. फावडं कशाला? बोलणाऱ्या डाव्या मेंदूने बर्फ पाहिलाच नव्हता. तरी उत्तर तयार होतं: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला.

“खोटं बोलला?”

“नाही हो. त्याला ते खरंच वाटत होतं. तुम्ही ज्याचा शब्द प्रमाण मानताय, तो न पाहिलेल्या गोष्टीचंही कारण देतो.”

कलावंत उजवे आणि हिशेबी डावे, अशी माणसांची वाटणी करणाऱ्या चाचण्यांचा याच्याशी संबंध नाही. धडधाकट मेंदूत दोन्ही बाजू सतत एकमेकींशी बोलत असतात. पेच उभा राहतो तो हे बोलणं तुटल्यावरच.

मामा बराच वेळ गप्प होते. “समज, अशा रुग्णावर पुढची शस्त्रक्रिया करायची आहे. तोंड हो म्हणतंय, सोंगट्या नाही म्हणताहेत. सही कोणाची?”

“२०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या याईर पिंतो आणि सहकाऱ्यांनी असेच रुग्ण तपासले. वस्तू नजरेच्या कोणत्याही बाजूला असो, ती दिसल्याचं ते तोंडाने सांगू शकले, दोन्ही हातांनीही. दोन बाजूंच्या चित्रांची तुलना मात्र जमेना.”

“म्हणजे पाहणं दुभंगलं, पाहणारा एकच?”

“त्यांचं म्हणणं तसं. पण रुग्ण दोनच होते, मामा. तेवढ्यावर मी सही घेणार नाही.”

“मग सोंगट्या दे त्याच्या डाव्या हातात. आधी.”

“आणि उत्तरं जुळली नाहीत तर?”

“तर थांबायचं. जीव धोक्यात नसेल, तर निदान त्या दिवशी तरी.”