आभार कशाचे मानावेत?

पहाटे नळाला पाणी येते म्हणून आम्ही गजर लावून उठावे आणि नेमका त्याच दिवशी नळ कोरडा राहावा; वीज गेल्यामुळे पंपही चालू नये; उरलेल्या बादलीभर पाण्यात घरातील चौघांनी आवरावे आणि धावतपळत स्टेशन गाठावे, तो नेहमीची लोकल डोळ्यांदेखत सुटावी. वसई-विरार पट्ट्यातील वाचकांना या वर्णनात नवे असे काहीच वाटणार नाही. अशाच एका सकाळी, पुढच्या गाडीत एका पायावर उभे असताना, आदल्या रात्री रोझरीनंतर वाचलेला संत पौलाचा उपदेश आम्हांला आठवला. थेस्सलनीका येथील ख्रिस्तसभेला तो सांगतो की, परिस्थिती कोणतीही असो, तुम्ही देवाचे उपकार स्मरत राहा. प्रांजळपणे सांगायचे तर त्या क्षणी आम्हांला त्या उपदेशाचा रागच आला. आभार मानावेत, पण कशाचे?

मोठ्या दुःखात माणसाला बळ मिळते. शेजारी धावून येतात, धर्मगुरू सांत्वन करतात, सारे गाव प्रार्थना करते. सुटलेल्या गाडीबद्दल मात्र कोणी सांत्वनाला येत नाही. असे त्रास पायात रुतलेल्या कुसळाप्रमाणे असतात. दिसत नाहीत, पण चाल बिघडवतात. त्याच सकाळी आमच्या धाकट्या मुलाच्या हातून पेलाभर पाणी सांडले आणि आम्ही त्याला नको ते बोललो. राग नळावरचा होता, तो झेलला सात वर्षांच्या पोराने. म्हणून हा प्रश्न केवळ मनःशांतीचा नाही. आपल्या त्राग्याची किंमत कोण मोजतो, याचाही आहे.

यावर एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते : आपल्याहून वाईट स्थितीत असलेल्यांकडे पाहा. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. त्या मानाने आपण सुखी नाही का? हे उत्तर ऐकायला बरे वाटते. पण संत लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानणारा एक परुशी आहे. आपण इतरांसारखे नाही, हेच त्याच्या आभाराचे कारण. प्रभू येशूने ते आभार नापसंत केले. लातूरकरांची तहान ही आमच्या समाधानाची पायरी होऊ शकत नाही. ती तहान आम्हांला अस्वस्थ करील तरच तिचे स्मरण ख्रिस्ती ठरेल.

दुसरे उत्तर असे की, जे घडते ती देवाची इच्छा, निमूट सोसावे. वास्तविक कोरडा नळ ही पुष्कळदा माणसांच्या हलगर्जीपणाची करणी असते. ती देवाच्या नावावर घालणे ही श्रद्धा नव्हे. पवित्र शास्त्रात तर तक्रारीला मानाचे स्थान आहे. कित्येक स्तोत्रे विलापाची आहेत. ईयोबाने देवाशी वाद घातला; त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेतली; आणि अखेरीस देवाने खरे बोलल्याचे श्रेय दिले ते ईयोबाला.

मग पौलाच्या सांगण्याचा अर्थ काय? त्याचे शब्द नीट पाहिले म्हणजे एक भेद ध्यानात येतो. प्रत्येक परिस्थितीबद्दल आभार माना, असे तो म्हणत नाही. प्रत्येक परिस्थितीत माना, असे म्हणतो. या भेदाचा पुरावा आपल्या वेदीवर रोज मांडला जातो. मिस्सासाठी वापरला जाणारा ‘युखारिस्त’ हा मूळ ग्रीक शब्द आभारप्रदर्शनाचाच आहे. ज्या रात्री प्रभूचा विश्वासघात झाला, त्याच रात्री त्याने भाकर हाती घेऊन आभार मानले. त्याने विश्वासघाताचे आभार मानले नाहीत, भाकरीचे मानले. आणि थोड्याच वेळाने गेथशेमानी बागेत, हा प्याला टळावा अशी विनवणीही केली. एकाच रात्री, एकाच हृदयात, आभार आणि आर्जव शेजारी शेजारी नांदले.

1897 साली वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तलेली लिझ्यूची संत तेरेझ आपल्या मठातील धुण्याचा प्रसंग सांगते. समोर बसलेल्या भगिनीच्या हातून तिच्या चेहऱ्यावर मळके पाणी उडत असे. मागे सरून नाराजी दाखवावी असे तिला वाटले, पण ते शिंतोडे तिने देणगीसारखे स्वीकारले. तथापि एक गोष्ट विसरू नये : हे तिने स्वतःसाठी निवडले होते. दुसऱ्याने सोसावे म्हणून तिचे उदाहरण पुढे करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

संत इग्नाशिअस लोयोला यांनी दिवसाच्या आत्मपरीक्षणाचा जो क्रम घालून दिला, त्यात पहिली पायरी मिळालेल्या उपकारांबद्दल आभार मानण्याची आहे; स्वतःचे दोष त्यानंतर. त्या रात्री आम्ही तोच क्रम धरला. गर्दीत एका अनोळखी माणसाने अंग चोरून आमच्या दुसऱ्या पायाला जागा करून दिली होती. शेजारच्या काकूंनी आपल्या विहिरीचे दोन हंडे न मागता पाठविले होते. दिवसभर आम्हांला यांपैकी काहीच दिसले नव्हते. हे दिसल्यावर मग सांडलेला पेला आणि मुलाचा उतरलेला चेहरा दिसला. आम्ही त्याला जवळ घेऊन क्षमा मागितली.

दुसऱ्या दिवशी वाडीतील लोकांच्या सह्या घेऊन पाण्याबद्दलचा अर्जही दिला. त्याची भाषा स्पष्ट होती, पण तीत विखार नव्हता.

पुढच्या आठवड्यात नळ पुन्हा एकदा कोरडा राहिला. त्या सकाळी पेला सांडला तो आमच्याच हातून. मुलगा काही बोलला नाही. त्याने फडके आणून दिले. आम्ही आभार मानले.