घाटाच्या अलीकडे

23 सप्टेंबर 2025, नवरात्राचा दुसरा दिवस. छत्रपती संभाजीनगरहून पहाटेच निघालो होतो. तुळजापूरला भवानीचं दर्शन, सोलापुरात मुक्काम, मग पुण्याला बहिणीकडे, असा बेत महिनाभर आधी ठरलेला. सोबत ऐंशीच्या घरातली आई. बीड ओलांडून पालीला चहाला थांबलो. पाऊस थांबत नव्हता. बिंदुसरेचं धरण सांडव्यावरून वाहत होतं आणि मांजरसुंब्याचा घाट ढगात बुडाला होता.

चहावाल्या मावशींनी विचारलं, "कुठं निघालात?" तुळजापूर म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "घाट चढताल, पण पल्याड मांजरा दोन्ही थड्या भरून चाललीय. आज नका जाऊ."

फोनवरच्या नकाशात रस्ता तुळजापूरपर्यंत सरळ दिसत होता. आम्हीही किलोमीटर आणि तासच मोजले होते; वाटेत कोणकोणतं पाणी ओलांडायचं, हे कधी मोजलंच नव्हतं. पालीची बिंदुसरा सिंदफणेला मिळून गोदावरीकडे जाते. मांजरा पाटोदा तालुक्यात बालाघाटावरच उगम पावते, पण फार लांबचा वळसा घालून गोदावरीला भेटते. पलीकडची सीना थेट भीमेच्या खोऱ्यातली. एकाच डोंगररांगेवर कोसळणारा पाऊस असा तिन्ही वाटांनी खाली उतरतो, आणि आमचा प्रवास त्या पाण्यांना आडवा जाणारा. बिंदुसरेने 1989 मध्ये बीड शहरात केलेला कहर आठवणाऱ्या माणसांना हे नकाशाशिवाय कळतं.

तरी मन पुढेच ओढत होतं. सुट्टी मिळालेली, खोली घेतलेली. 'थोडं पुढे जाऊन बघू' हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. पुरात माणसं अडकतात ती बहुतेक या 'थोडं पुढे'नेच. त्या दिवसांत भूम-परंड्याकडे लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. हौसेने निघालेली एक गाडी पुलाच्या तोंडाशी अडकली, तर तिच्या मागे बचावाची बोट घेऊन येणारी गाडीही अडकते. तिथे आपल्या श्रद्धेचं कारण पुरेसं ठरत नाही, असं मला आजही ठामपणे वाटतं.

निर्णय आईनेच दिला. "देवी कुठं जात नाही. फिरव गाडी."

घाट चढण्याआधी परत फिरलो, म्हणून दुपारी घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सीनेच्या पाण्यामुळे लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद असल्याचं कळलं, म्हणजे बेताचा पुढचा टप्पाही बुडालाच होता.

तुळजापूरला दिवाळीनंतर गेलो. जाताना पालीला थांबून मावशींना भेटलो. त्यांच्या भावाचं शेत मांजरेच्या काठाला. सोयाबीन तर गेलंच होतं; जमीनही खरवडून गेली होती आणि मातीच्या जागी दगडगोटे उरले होते.