घासलेली कळशी

आमच्या लहानपणी वाडीतल्या पिण्याच्या विहिरीचा एक नियम होता. दोर बांधून विहिरीत सोडायची कळशी आधी राखेने घासायची, विसळायची आणि मगच आत सोडायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो सगळ्यांना ठाऊक होता. एकदा खेळण्याच्या घाईत मी मातीने बरबटलेली कळशी तशीच आत सोडली. शेजारच्या आजींनी पाहिले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुझ्या मागून पाणी भरायला कोण येणार, ते तुला ठाऊक आहे का रे?"

आजींचा तो प्रश्न मला अनेक वर्षांनी पुन्हा आठवला, तो एका अंतराळयानामुळे.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी 'कॅसिनी' नावाचे यान शनी ग्रहाच्या वातावरणात शिरले आणि जळून नष्ट झाले. हा अपघात नव्हता. त्याला मुद्दाम तिकडे वळवले होते. अमेरिका, युरोप आणि इटलीच्या अंतराळ संस्थांचे हे यान १९९७ साली पृथ्वीवरून निघाले आणि २००४ साली शनीपाशी पोहोचले. तेरा वर्षे ते शनीभोवती फिरत राहिले. शेवटच्या दिवसापर्यंत ते माहिती पाठवत होते. संपत आले होते ते फक्त इंधन. इंधन संपले की यानाला दिशा देता येत नाही, आणि मग ते कधी, कुठे जाऊन आदळेल याचा भरवसा राहत नाही.

आदळले असते तर काय बिघडले असते? शनीला एन्सेलेडस नावाचा एक चंद्र आहे. तो जेमतेम पाचशे किलोमीटर रुंद आणि पूर्ण बर्फाने झाकलेला आहे. २००५ साली कॅसिनीनेच शोधून काढले की, त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांमधून पाण्याची वाफ आणि हिमकण यांचे फवारे उडतात. बर्फाखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र आहे, हेही पुढे स्पष्ट झाले. जिथे पाणी, ऊब आणि योग्य द्रव्ये आहेत, तिथे एखादा सूक्ष्म जीव असू शकतो. आहे असे कुणी सिद्ध केलेले नाही. पण आपल्या यानावर पृथ्वीवरचे काही चिवट जंतू चिकटून गेलेले असले आणि ते त्या समुद्रात उतरले, तर ती विहीर कायमची बाटणार होती. म्हणून यान जाळून टाकण्याचा निर्णय झाला. गुरूभोवती फिरणाऱ्या 'गॅलिलिओ' यानाचाही असाच शेवट २००३ साली करण्यात आला होता. तिथे युरोपा नावाच्या चंद्रावरचा समुद्र वाचवायचा होता.

ही काळजी यान बांधतानाच सुरू होते. १९७५ साली मंगळाकडे निघालेली दोन 'व्हायकिंग' याने घ्या. त्यांचे मंगळावर उतरणारे भाग आधी भट्टीत ठेवून, एकशे दहा अंश सेल्सिअसच्या वर, एका दिवसाहून अधिक काळ तापवले होते. जंतू मरावेत आणि यंत्र मात्र बिघडू नये, अशा बेताने त्यांचा प्रत्येक सुटा भाग निवडावा लागला. ही झाली घासलेली कळशी. १९६७ सालच्या अंतराळ करारातही इतर ग्रहगोलांना अपायकारक रीतीने दूषित करू नये, असे बंधन घातलेले आहे.

वाचकहो, यावर कुणी विचारील, "इथे माणसांना प्यायला शुद्ध पाणी मिळत नाही आणि तुम्ही दूरच्या चंद्रावरच्या जंतूंची काळजी कसली करता?" हा प्रश्न खोटा नाही. शास्त्रज्ञांचा हेतू निव्वळ परोपकाराचा होता, असेही म्हणता येणार नाही. उद्या तिथे जीव सापडला, तर तो तिथलाच की आपणच नेलेला, हे कळायला हवे ना? तेव्हा यात त्यांचा, म्हणजे विज्ञानाचा, स्वार्थ होताच. पण कळशी घासण्यातही आपला स्वार्थ असतोच, कारण उद्या आपल्यालाही तेच पाणी प्यायचे असते. कॅसिनीच्या मंडळींची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या समुद्राचे पाणी तपासणारे पुढचे यान जाईल, तेव्हा त्यांच्यातले कितीतरी जण या जगात नसतील. ज्या विहिरीवर आपण पुन्हा जाणार नाही, तिच्यासाठीही त्यांनी कळशी घासली. कर्तव्य आणि स्वार्थ यांच्यातला फरक नेमका इथे दिसतो.

मात्र याच कॅसिनीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शनीपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने सुमारे शंभराव्या भागाइतकाच पोहोचतो. त्यामुळे यानाला वीज मिळावी म्हणून त्यात तेहतीस किलोच्या आसपास किरणोत्सारी प्लुटोनियम इंधन ठेवले होते. १९६४ साली एक अमेरिकन उपग्रह कक्षेत न पोहोचता कोसळला, तेव्हा त्यातले किलोभर प्लुटोनियम जळून वातावरणात पसरले होते. त्यानंतर असे इंधन अपघातातही फुटू नये अशा कवचात ठेवले जाऊ लागले. तरी १९९७ साली उड्डाणाच्या आधी अनेकांनी निदर्शने केली. पुढे १९९९ साली वेग मिळवण्यासाठी हे यान पुन्हा पृथ्वीजवळून, सुमारे बाराशे किलोमीटर अंतरावरून गेले. ते चुकून पृथ्वीवर पडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी आहे, असा हिशोब केलेला होता. तसे काही घडले नाही. पण ज्यांच्या डोक्यावरून ते गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांना ते गेल्याचेही कळले नाही. दूरच्या जंतूंसाठी एवढी काळजी घेणाऱ्यांना जवळच्या माणसांवर जोखीम टाकण्याचा अधिकार कुणी दिला?

याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. पण एक जुना आराखडा शेजारी ठेवला, तर विचार करायला मदत होते. १९५८ साली अमेरिकेत 'ओरायन' नावाच्या यानाचे काम सुरू झाले. यानाच्या मागे एकामागून एक अणुबाँब फोडायचे आणि एका जाड तबकडीवर त्यांचे धक्के झेलत पुढे जायचे, अशी ती कल्पना होती. फ्रीमन डायसन यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ त्यात होता. माणसाला घेऊन १९७० पर्यंत शनीपर्यंत जायचे, असे त्या मंडळींचे स्वप्न होते. गणिताने ते अशक्य नव्हते. पण यान जमिनीवरून उडाले असते, तर किरणोत्सारी धूळ हवेत पसरून कुठेतरी कुणाला तरी कर्करोग झाला असता. कुणाला, ते कधीच कळले नसते. आणि या कामाचा बराचसा भाग गुप्त होता. १९६३ साली हवेत आणि अंतराळात अणुस्फोट करण्यावर बंदी घालणारा करार झाला आणि १९६५ साली ओरायन बंद पडले.

दोन्ही यानांना शनीपर्यंतच जायचे होते. मला त्यांच्यात फरक दिसतो तो असा. ओरायनमध्ये इतरांचे नुकसान आराखड्यातच धरलेले होते. ते अपघाताने नव्हे, ठरल्याप्रमाणे होणार होते. कॅसिनीमध्ये ते टाळण्यासाठी माणसाच्या हाती होते तेवढे केलेले होते, आणि धोक्याचा हिशोब उड्डाणाआधी छापून लोकांपुढे ठेवला होता. लोकांना तो वाचता आला, त्यावर भांडता आले. जोखीम शून्य कधीच नसते. पण जोखीम ज्याच्या माथी येते, त्याला हिशोब दाखवणे आपल्या हाती असते. आणि ज्याला विचारताच येत नाही, मग तो एन्सेलेडसवरचा जीव असो की अजून न जन्मलेले मूल, त्याची संमती गृहीत धरायची नाही. तिथे आपण आपला हात आवरायचा.

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी 'युरोपा क्लिपर' हे यान गुरूकडे निघाले आहे. २०३० साली ते तिथे पोहोचणे अपेक्षित आहे. काम संपल्यावर युरोपाला धक्का लागू नये म्हणून त्याने आपला शेवट दुसरीकडे कसा करावा, याचाही विचार निघण्यापूर्वीच झालेला आहे.

आपण कुणी यान बांधणार नाही. पण आपण बोअरवेल खणतो, सांडपाण्याची वाट काढतो, भरणी करून घर उठवतो. हे करताना आराखडा कागदावर असतो, तेव्हाच थोडे थांबून विचारायला हवे. शेजाऱ्याच्या विहिरीचे काय होईल? त्याला आपण विचारले का? आणि ज्यांना विचारता येत नाही, त्यांच्यासाठी आपण काय राखून ठेवले?

आजी जाऊन बरीच वर्षे झाली. ती विहीर आता कुणी वापरत नाही. तिच्यावर लोखंडी जाळी आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला अजूनही ठाऊक नाही. मागून कोण येणार, हे कुणालाच ठाऊक नसते. कळशी घासायची ती म्हणूनच.