भरून पावलो

चूक एका क्रियापदाची होती आणि ती माझी होती.

तीन वर्षांपूर्वी गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांची मनोगतं हिंदीत आणायचं काम माझ्याकडे आलं. मूळ मजकूर कोकणी-मराठी मिसळलेला, कुणीतरी ऐकून देवनागरीत उतरवलेला. मी जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात वाढले. घरात मराठी, ओटा उतरला की हिंदी, त्यामुळे या दोन भाषांमधलं अंतर मला कधी अंतर वाटलंच नाही. तेच नडलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बोलण्यात वाक्य होतं : शेतात खाणीची माती आली, भरपाई मिळाली. मी लिहिलं : खेत में खदान की मिट्टी आई, नुकसान की भरपाई हो गई.

शब्द तोच ठेवला म्हणून मी निर्धास्त होते. पण मराठीत भरपाई ‘मिळते’, म्हणजे पैसे हातात पडतात. हिंदीत ती ‘हो जाती है’, म्हणजे झालेलं नुकसान भरून निघतं. त्या माणसानं पैसे आल्याचं सांगितलं होतं. माझ्या हिंदीत त्याचं शेत परत आलं. पुस्तिका छापून झाली, वाटली गेली. पुढे एका परिसंवादात खाणींची बाजू मांडणाऱ्या गृहस्थांनी माझंच वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाले, पाहा, शेतकरी स्वतःच सांगतोय. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही.

गेल्या फेब्रुवारीत मावसबहिणीकडे वेंगुर्ल्याला गेले, ती याच एका कामासाठी. त्या शेतकऱ्याला भेटायचं, चूक सांगायची, दुसऱ्या आवृत्तीत वाक्य कसं हवं ते विचारायचं. भावोजी म्हणाले, ताई, एका दिवसात जाऊन येऊ, वाटेत सगळंच दाखवतो.

सकाळी सहाला निघालो. शिरोड्यापर्यंत नारळ, काजूचा नुकता आलेला मोहर, खालच्या कुणग्यांत वायंगणाची हिरवी भातं. शिरोड्याला भावोजींनी दोन गोष्टी दाखवल्या : वि. स. खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत ज्या गावात शिक्षक होते ते गाव, आणि 1930 च्या मे महिन्यात जिथे मिठाचा सत्याग्रह झाला ती मिठागरं. भावोजी स्वतः शाळामास्तर, त्यामुळे पहिल्या गोष्टीवर जास्त वेळ गेला. माझं लक्ष मिठागरांकडे होतं. मीठही जमिनीतून पैसा काढण्याचीच रीत आहे, पण पाणी पुन्हा भरतं आणि वाफे पुन्हा पिकतात.

रेडीला मात्र जमिनीचा रंगच बदलला. रस्त्याच्या कडेची झुडपं तांबडी, घरांची कौलं अधिकच तांबडी. इथं अनेक दशकं लोहखनिज निघालं. 1976 च्या एप्रिलमध्ये याच खाणीत गणपतीची मोठी द्विभुज मूर्ती सापडली. एका ट्रकचालकाला स्वप्न पडलं, त्यानं दाखवलेल्या जागी खणलं आणि देव निघाला, अशी कथा आहे. देवळात गर्दी होती. नारळ वाढवताना माझ्या मनात एक आगाऊ विचार आला : खणताना जे निघालं त्यातलं देव तेवढं ठेवलं, खनिज तेवढं विकलं, आणि बाकीचं?

त्या बाकीच्याला खाण-धंद्यात एक इंग्रजी शब्द आहे, ओव्हरबर्डन. वरचं ओझं. हवा असलेला दगड खाली आणि त्याच्यावर जे जे आहे ते ओझं. गोव्याच्या खाणींत एक टन खनिजामागं साधारण अडीच-तीन टन असं ओझं निघतं. त्यात माती असते, मुळं असतात, पाणी धरून ठेवणारा जांभा असतो. अनुवादात मला हा शब्द दर वेळी अडला. ‘वरची माती’ लिहिलं तर फार निरागस होतं, ‘टाकाऊ माती’ लिहिलं तर निवाडा आधीच लागलेला. तिथले लोक नुसतं ‘खाणीची माती’ म्हणतात. मीही शेवटी तेच ठेवलं, पण तेही विचित्रच. ती माती खाणीची कधी होती? ती डोंगराची होती.

आणि मराठीतला ‘खाण’ हा शब्द तरी काय आहे! गुणांची खाण, विद्येची खाण. कधी संपत नाही अशा गोष्टीला आपण खाण म्हणतो. खरी खाण ही पहिल्या दिवसापासून संपतच असते.

आरोंद्याहून किरणपाणीचा पूल ओलांडून गोव्यात शिरलो, पेडणे आणि अस्नोडा मागे टाकत शिरगावला आलो. लइराईचं देऊळ दुपारच्या उन्हात रिकामं होतं. वैशाखात इथं जत्रा भरते, धोंड व्रत करतात, विहिरी-तळ्यांवर न्हातात आणि रात्री निखाऱ्यांवरून चालतात. या गावात खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या. खड्डा कोरडा ठेवायचा तर पाणी अखंड उपसावं लागतं, आणि उपसलेलं पाणी गावच्याच विहिरींतून ओढलं जातं. विहिरी आटल्या, लोक कोर्टात गेले. भावोजींनी गाडी एका वळणावर थांबवली. खाली पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा, तळाशी हिरवंनिळं पाणी. सुंदर दिसत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. फोटो काढावासा वाटला, काढलाही.

एका दिवसाच्या प्रवाशाला काही ठरवायचा अधिकार असतो का, हा प्रश्न तिथं पहिल्यांदा नीट टोचला. मी ज्या गाडीत बसून हळहळत होते ती लोखंडाची होती. माझे वडील जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत पस्तीस वर्षं होते, माझी एम.ए.ची फी लोखंडातून आली. जबलपूरजवळच्या सिहोऱ्याच्या बाजूलाही लोहखनिज निघतं, आणि तिकडच्या खड्ड्यांपाशी मी कधी गाडी थांबवलेली नाही. दूरच्या जखमेबद्दल हळवं होणं सोपं असतं. पण म्हणून डोळे मिटून जावं, हेही पटेना. गावचे लोक पाहतच होते. पाहणाऱ्यांची वाण नव्हती. प्रश्न होता तो, पाहिलेलं कुणाच्या भाषेत जातं, याचा.

शेतकऱ्याच्या गावाचं नाव लिहीत नाही. अंगणात तुळशीवृंदावन, बाजूला ताडपत्रीखाली एक टिप्पर ट्रक, चारी चाकं विटांवर. काका पंच्याहत्तरीचे असतील. पुस्तिकेची प्रत त्यांच्याकडे होती, हिंदी वाचता येत होतं. मी आडवळणं न घेता सांगितलं : काका, तुमचं वाक्य मी चुकीचं लिहिलं. तुम्ही पैसे मिळाले म्हणालात, मी शेत भरून निघालं असं लिहिलं.

त्यांनी पान काढून ते वाक्य पाहिलं. मग म्हणाले, “बाय, पण चूक कशी? सही तर मी तीच केली.”

आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावत्यांची चळत घेऊन आले. दर पावसाळ्यानंतर खाणवाल्यांची माणसं येत, किती शेतात माती आली ते मोजत, रक्कम ठरत, आणि शेतकरी कागदावर सही करी : यंदाच्या नुकसानीची संपूर्ण भरपाई मिळाली, कोणतीही तक्रार नाही. दर वर्षी संपूर्ण. दर वर्षी गाळाचा थर वाढत जाई. काही वर्षांनी पेरणीच थांबली, पण पावती चालू राहिली.

“संपूर्ण नाही, असं लिहिलं असतं तर?” मी विचारलं.

“तर पैसे कोण देणार होता?”

इथं मी गप्प बसले. मला वाटलं होतं, खरं वाक्य आणि खोटं वाक्य असे दोन पर्याय आहेत आणि मी चुकून खोटं छापलं. पण माझ्या चुकीच्या हिंदीनं जे म्हटलं, तेच त्या कागदानं आधीच म्हणवून घेतलं होतं. ‘भरपाई’ हा शब्द भरून पावण्यातूनच आलेला. जुन्या व्यवहारात भरपाई म्हणजे सगळं पोचल्याची पावती. आज आपण ‘भरून पावलो’ म्हणतो ते मन तृप्त झाल्यावर. म्हणजे या शब्दात देणाऱ्यानं किती दिलं याला महत्त्व नाही. घेणाऱ्यानं ‘पुरे’ म्हणावं लागतं. आणि ‘पुरे’ म्हटल्याशिवाय काहीच मिळत नसेल, तर त्या होकाराला होकार म्हणायचं का?

ॲरिस्टॉटलनं न्यायाधीशाची उपमा विषम कापलेली रेघ समान करणाऱ्याशी दिली आहे : जास्तीचा तुकडा काढायचा, कमी असलेल्याला जोडायचा. रेघेच्या बाबतीत ते ठीक आहे. पण डोंगराचा तुकडा चीनमधल्या भट्टीत गेल्यावर जोडायचं काय? 2010-11 या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं, बरंचसं चीनला. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, 2014 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के हिस्सा कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितला, पुढच्या पिढ्यांसाठी. 2018 च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयानं 88 पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. हा निधी मला या सगळ्यातली सगळ्यात प्रामाणिक कल्पना वाटते, कारण तिथं पावतीवर सही घेता येत नाही. जन्माला न आलेला माणूस भरून पावलो म्हणू शकत नाही. त्याचा हिशेब उघडाच ठेवावा लागतो.

हे मी काकांना सांगितलं नाही. सांगण्याजोगं काही नव्हतंच, कारण ते ट्रककडे बोट दाखवत होते. मुलानं कर्ज काढून घेतलेला. 2018 पासून उभा. मुलगा आता पणजीकडे कुठंतरी पहाऱ्याला जातो. “आता लिलाव झाले, खाणी पुन्हा सुरू होताहेत. ट्रक चालला तर कर्ज फिटेल. आणि माती आली तर शेतात आता बुडायला उरलंय काय? तू शिकलेली आहेस. मी कुणाच्या बाजूनं सही करू?”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते हसले, वाईट हसले नाहीत. मग म्हणाले, वाक्य बदलू नको. उद्या कुणी म्हणेल, याला भरपाई मिळालीच नव्हती म्हणे, मग सह्या कसल्या केल्या? बाकीच्यांनाही त्रास. माझं वाक्य आहे, राहू दे.

निघताना त्यांनी किलोभर कोरगुटचा तांदूळ दिला. खाऱ्या जमिनीत तगणारं हे जुनं भात. “आमच्या शेताचा नव्हे,” ते म्हणाले, “दिवाडीला बहीण दिलीय, तिच्याकडचा.”

म्हणून आम्हीही नार्व्याला सप्तकोटेश्वराचं दर्शन घेऊन फेरीनं दिवाडीला उतरलो. खाजन शेतं पाहायची राहिली होती. बांधानं खाडी अडवलेली, बांधात मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की पाण्याच्याच दाबानं झडप मिटते, ओहोटीला आपोआप उघडते आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. पावसाळ्यात भात, नंतर मासळी. गावकारीची व्यवस्था होती तेव्हा बांध सांभाळणं सगळ्यांचं काम होतं, कारण एकाचा बांध फुटला तर सगळ्यांचं शेत खारं होतं. या शेतांचंही आता सगळं बरं आहे असं नाही. बरेच तुकडे पडीक होते. तरी मानशीजवळ अर्धा तास बसले. झडप हलके हलके हलत होती, अजून नेमकी मिटली नव्हती.

जबलपूरला परतल्यावर दुसऱ्या आवृत्तीची फाईल उघडली. वाक्य त्यांचं आहे, हे खरं. पण हिंदी माझी आहे, आणि परिसंवादात ती त्यांच्या विरोधात वाचली गेली, तेव्हा गप्प मी बसले होते, ते नव्हे. त्यांच्या सांगण्याला धरून राहावं तर माझी चूक त्यांच्या नावावर कायमची राहते. दुरुस्त करावं तर त्यांनी नको म्हटलेलं मी त्यांच्या तोंडी घालते. दोन आठवडे फाईल तशीच होती. शेवटी लिहिलं : मुआवज़े का पैसा मिला, और मैंने रसीद पर दस्तख़त किए. दस्तख़तची गोष्ट मूळ मनोगतात नव्हती, अंगणात होती. छापण्याआधी हे वाक्य फोनवर त्यांना वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग म्हणाले, सही केली हे खरंच आहे, आणि तांदूळ शिजायला वेळ घेतो, आदल्या रात्री भिजत घाल.

आईनं तो तसाच लावला होता. दोनदा शिट्ट्या काढाव्या लागल्या.