आप्तवाक्य आणि विजेची तार

ज्ञानाची साधने किती, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत दीर्घ वाद झाला. चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण मानले नाही. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आणि शब्दप्रमाण म्हणून आप्ताच्या वचनाला मान्यता दिली. हा वाद आता ग्रंथांपुरताच उरला असे कोणी म्हणेल. वस्तुतः विजेच्या कामाची उमेदवारी करणाऱ्या तरुणापुढे तो रोज उभा असतो, आणि तेथे उत्तर चुकले तर त्याचे प्रायश्चित्त वादात हरण्यापुरते मर्यादित राहत नाही.

या उमेदवारीला रायपूरसारखे ठिकाण क्वचितच सापडेल. कोरब्याच्या कोळशावर निर्माण होणारी वीज उच्च दाबाने या शहरापर्यंत येते. सिलतरा आणि उरला येथील लोखंडाचे कारखाने ती अहोरात्र वापरतात. डंगनिया येथे राज्याच्या वीज कंपन्यांची मुख्यालये आहेत. १९५६ साली पायाभरणी झालेले आणि आरंभी खनिकर्म व धातुशास्त्रासाठी असलेले येथील महाविद्यालय २००५ साली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाले. त्या संस्थेतून पदवी घेतलेला आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा केलेला, असे दोघेही उमेदवारीच्या पहिल्या दिवशी सारखेच अडाणी असतात. परिपथाचे गणित एकाला अधिक येते, पक्कड दुसऱ्याच्या हाती अधिक शोभते. पण समोरची तार चालू आहे की बंद, हे दोघांपैकी एकालाही पाहून सांगता येत नाही.

वीज दिसत नाही, हे वाक्य आपण सहज उच्चारतो. त्याचा पूर्ण अर्थ खांबाखाली उभ्या असलेल्या उमेदवारालाच कळतो. सुताराच्या शिष्याला करवतीचे दात दिसतात. लोहाराच्या शिष्याला लोखंडाची लाली दिसते. अकरा हजार व्होल्टची तार मात्र चालू असताना आणि बंद असताना सारखीच दिसते. येथे प्रत्यक्ष ज्ञान घेणे म्हणजे स्पर्श करणे, आणि तो स्पर्श बहुधा शेवटचा ठरतो. घरातल्या दोनशे तीस व्होल्टच्या तारेनेही मुठीचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. भारतात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची नोंदलेली संख्या अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दहा हजारांच्या वर राहिली आहे. प्रत्यक्षाचे दार असे बंद झाल्यावर अनुमान आणि शब्द हीच दोन साधने उमेदवाराजवळ उरतात.

यातले शब्द हे साधन आधी हाताशी येते. उस्ताद म्हणतो, ‘लाइन बंद आहे, चढ.’ तात्यापाऱ्यातल्या एखाद्या मराठी घरात वाढलेल्या मुलाच्या कानांवर गुरुवचनाचा महिमा लहानपणापासून पडलेला असतो. कामावर भाषा बदलते, हिंदी आणि छत्तीसगढी सुरू होते, गुरूचा उस्ताद होतो. पण वडीलधाऱ्याच्या शब्दावर शंका घेणे हे उद्धटपणाचे लक्षण, हा संस्कार दोन्हीकडे एकच असतो. मग उस्तादाने बंद म्हणून सांगितलेली तार शिष्याने पुन्हा तपासावी काय? तपासली तर तो अविश्वास ठरतो काय?

या प्रश्नाचे उत्तर नैयायिकांच्या व्याख्येतच दडलेले आहे. वात्स्यायनाने आप्ताची दोन लक्षणे सांगितली: त्याने विषय स्वतः जाणलेला असावा, आणि जसा जाणला तसा तो सांगण्याची त्याची इच्छा असावी. ही दोन लक्षणे परस्परांपासून निराळी आहेत. उस्तादाची इच्छा शुद्ध असते, यात शंका घेण्याचे कारण नाही. आपल्या हाताखालच्या मुलाला इजा व्हावी असे कोणाला वाटेल? पण त्याचे ज्ञान त्या क्षणी पूर्ण असेलच असे नाही. त्याने उपकेंद्रातून परमिट घेतले असेल, फीडर बंद झाल्याचे ऐकले असेल. तथापि एकाच खांबावरून दुसरा फीडर जात असेल, एखाद्या कारखान्याच्या जनरेटरमधून वीज उलट तारेत शिरत असेल, शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही दाब निर्माण झाला असेल. यांपैकी एकाही गोष्टीत उस्तादाचा दोष नाही, आणि त्याच्या चांगुलपणाने यांपैकी एकही गोष्ट टळत नाही. म्हणून तपासणी ही ज्ञानाची असते, शीलाची नसते. या दोहोंची गल्लत झाली की आदराचे रूपांतर अपघातात होते.

टेस्टर वापरण्याची रीत या विचाराला आणखी एक पायरी जोडते. टेस्टरचा दिवा लागला नाही, याचे अर्थ दोन होतात: तार बंद आहे, किंवा टेस्टरच बिघडला आहे. म्हणून जाणता कारागीर टेस्टर आधी निश्चित चालू असलेल्या जागी लावून पाहतो, मग तारेला लावतो, आणि नंतर पुन्हा त्या चालू जागी लावतो. साक्षीदाराची साक्षीपूर्वी आणि साक्षीनंतर अशी दोनदा परीक्षा होते. उच्च दाबाच्या तारेवर एवढ्यानेही भागत नाही; तपासून झाल्यावर डिस्चार्ज रॉडने ती जमिनीशी जोडून ठेवावी लागते, म्हणजे कोणी चुकून वीज सोडली तरी तिला हातापेक्षा सोपी वाट मिळते. माणूस चुकेल, साधन चुकेल, आणि दोन्ही खरी ठरल्यावरही परिस्थिती बदलेल, असे तीन पदरी गृहीत या साध्या कृतीत आहे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५८ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, कौशल्याचा मोठा भाग शब्दांत सांगता येत नाही. तो गुरूच्या कृतीचे अनुकरण करूनच मिळतो, आणि अनुकरण करायचे तर गुरूचा अधिकार आधी मान्य करावा लागतो. पाऊल कोठे रोवावे, पट्टा किती ताणावा, तार खेचताना अंग कसे तोलावे, हे प्रत्येक वेळी ‘का’ म्हणून विचारणाऱ्याला कधीच येणार नाही. आक्षेप खरा आहे. पण ज्या कृतीचे अनुकरण करायचे, तिच्यात उस्तादाने स्वतः केलेली तपासणीही येते. जो उस्ताद वर चढण्यापूर्वी परमिट देणाऱ्याच्या शब्दावर न विसंबता तार तपासतो, त्याचा निष्ठावान शिष्य उस्तादाच्या शब्दावरही विसंबणार नाही. येथे आज्ञापालन आणि शंका यांच्यातला विरोध मावळतो. शंका हाच परंपरेने दिलेला वारसा ठरतो.

हे विचारात जितके सरळ दिसते तितके खांबाखाली सरळ नसते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला कामगार मानले नाही, शिकणारा मानले. मात्र त्याच कायद्याने त्याला इजा झाली तर भरपाईचे दायित्व मालकावर ठेवले. हुद्द्याने तो कामगार नव्हे, देहाने मात्र कामगारच, हे कायद्यालाही मान्य करावे लागले. मुदत संपल्यावर त्याला नोकरी द्यावीच असे बंधन मूळ कायद्यात नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने याबाबतचे धोरण ठरवणे मालकाकडे सोपवले. ज्याचे उद्याचे पोट आज समोर उभ्या असलेल्या माणसांच्या मतावर अवलंबून आहे, त्याने मेच्या उन्हात, वीज कधी येणार म्हणून लोकांचा घोष चाललेला असताना, ‘थांबा, आधी तपासतो’ असे म्हणावे, ही अपेक्षा सोपी नाही. केवळ त्याच्या धैर्यावर सुरक्षितता सोपवणे म्हणजे सर्वांत दुबळ्याच्या खांद्यावर सर्वांत जड ओझे ठेवणे होय.

म्हणून या प्रश्नातले प्रधान कर्तव्य शिष्याचे नसून उस्तादाचे आहे. एकलव्याच्या कथेत गुरूने शिष्याचा अंगठा मागितला आणि तो देणाऱ्याची थोरवी आपण पिढ्यान्‌पिढ्या गात आलो; मागणाऱ्याविषयी मात्र संकोचाने बोलतो. शिष्याचा हात शाबूत राखणे हीच जेथे गुरूची पहिली जबाबदारी आहे, तेथे शंका घेण्याची परवानगी मागण्याची वेळ शिष्यावर येऊ न देणे, हे गुरूचे कर्तव्य ठरते. ‘माझ्या शब्दावर चढू नकोस,’ हे वाक्य त्यानेच आधी उच्चारले पाहिजे.

वात्स्यायनाने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. आप्तपण कुळाने किंवा पदाने येत नाही. जाणण्याने आणि खरे सांगण्याने येते. तेव्हा ज्या उमेदवाराने तार स्वतः तपासली आणि ‘उस्ताद, अजून चालू आहे’ असे सांगितले, तो त्या क्षणी त्या तारेपुरता आप्त असतो, आणि उस्तादाने खाली उतरावे हेच उचित असते. उमेदवारीच्या प्रमाणपत्रावर मुदतीची नोंद होते, या गोष्टीची होत नाही. पुढे वीस वर्षांनी तो स्वतः उस्ताद होईल, आणि एखादा नवखा मुलगा त्याच्या देखत, त्याने बंद म्हणून सांगितलेली तार पुन्हा तपासू लागेल. त्या वेळी त्याला राग न येता समाधान वाटले, तर त्याची उमेदवारी पुरी झाली असे म्हणता येईल.