राखून ठेवलेलं टेबल

हॉटेलात टेबल राखून ठेवायच्या एका अ‍ॅपची आम्ही नव्याने मांडणी करत होतो. 'उशीर होतोय' हे बटण फारसं कुणी दाबत नव्हतं, म्हणून मी काढलं. नियम ठेवला: पंधरा मिनिटांत आला नाहीत तर टेबल गेलं, दोनदा झालं तर पुढच्या वेळी आगाऊ पैसे. हॉटेलवाल्याचं यात चुकत नाही; रविवारी संध्याकाळी रिकामं टेबल म्हणजे नुकसानच.

मग चाकणच्या कारखान्यातला मावसभाऊ भेटला. वहिनीच्या वाढदिवसाला मोशीत टेबल ठरवलेलं. पाळी सुटताना साहेबांनी ओव्हरटाइमला थांबवलं, फोन गेटवर जमा, पुढे नाशिक रस्त्याची कोंडी. अ‍ॅपच्या लेखी तो बेभरवशाचा.

शब्द मोडल्याचा दोष द्यायचा, तर माणसाची वेळ त्याच्या हातात हवी ना? माझी असते. दारात वही घेऊन उभा असलेला मॅनेजर निदान "काय झालं?" विचारतो. (ओळखीच्यांना आधी आत सोडतो तोही तोच.)

बटण परत आणून भावाचं काही भलं झालं नसतं, फोनच नव्हता. म्हणून बैठकीत मी नंतर कारण सांगायची सोय मागितली.

"लोक खोटं सांगतील."

सांगतील. वहीवाल्यालाही सांगतात.